पाणी मागणारा ख्रिस्त

आदरातिथ्य हा मराठीतला एक सोज्वळ शब्द आहे. अतिथीला देव मानावे अशी आपल्या संस्कृतीची थोर शिकवण असल्याचे शाळेपासून ऐकवले जाते. अतिथी कोणाला म्हणावे, हे मात्र या संस्कृतीने आधीच ठरवून ठेवले होते. ओसरीखाली उभा राहिलेला महार अतिथी नव्हता. तो येसकर होता, शिळ्या तुकड्याचा हक्कदार होता. तहान लागली तर त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई. म्हणजे पाणी दिले जात होते, भाकरीही दिली जात होती. प्रश्न देण्याचा कधीच नव्हता. त्याच्या हातचे पाणी कोणी प्यायले काय, हा खरा प्रश्न होता, आणि गरिबांविषयीच्या सगळ्या सहानुभूतीला तोच विचारला पाहिजे.

ख्रिस्ती धर्माने या देशात येताना एक मोठा दावा केला. देवाच्या मेजावर सर्वांना जागा आहे, पहिली जागा दरिद्र्याला आहे, असा तो दावा. मीरा-भाईंदरच्या परिसरात या दाव्याचे वय साडेचार शतकांहून अधिक आहे. महाराष्ट्रातल्या फार थोड्या भागांत ख्रिस्ती वस्ती इतकी जुनी आहे. त्या दाव्याचा हिशेब मांडायला ही जागा योग्य आहे.

हिशेब मांडण्यापूर्वी मूळ गोष्टीकडे वळावे लागते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात भर दुपारी दमलेला येशू विहिरीच्या काठावर बसतो. पाणी भरायला एक शोमरोनी बाई येते. यहुदी लोक शोमरोन्यांना विटाळाचे मानीत, त्यांच्याशी भांड्याचा व्यवहार ठेवीत नसत. येशू तिला पाणी देत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. तीच आधी दचकते, आणि तू यहुदी असून माझ्याकडे कसे मागतोस असे विचारते. या कथेवरची प्रवचने पुढच्या आध्यात्मिक जीवनजलाच्या बोलण्याकडे लगबगीने निघून जातात. आमच्या दृष्टीने कथेचा प्राण त्या पहिल्या मागण्यात आहे. विटाळाच्या घागरीला ओठ लावण्याची तयारी तिथे आहे. दाता होणे सोपे असते. दात्याचा हात नेहमीच वर असतो.

आता इतिहास. १५३४ च्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. तिच्याबरोबर साष्टीचा मुलूख आणि आज ज्याला आपण भाईंदर, राई, मोर्वे, डोंगरी, उत्तन, चौक, गोराई, मनोरी म्हणतो तो पट्टाही गेला. या पश्चिमेकडच्या भागाचे जुने नाव धारावी बेट. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. कोळी, आगरी, भंडारी, कुणबी अशा कष्टकरी जातींची ही वस्ती. मासेमारी, ताडी, भातशेती आणि मिठागरे यांवर ती जगत होती. चर्चेस उभी राहिली, गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. वसईच्या कोटात गरीब, आजारी आणि अनाथ यांच्यासाठी मिझेरिकोर्दिया ही धर्मादाय संस्था होती. इथून जवळच, आजच्या बोरिवलीत, मंडपेश्वरच्या लेण्यात फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो याने प्रार्थनामंदिर केले आणि शेजारी अनाथ मुलांसाठी मठ व विद्यालय उभारले.

अनाथांना आसरा, हे ऐकायला किती चांगले वाटते! पण १५५९ मध्ये पोर्तुगीज राजाच्या नावाने एक हुकूम निघाला. त्यान्वये हिंदू आईबापांवेगळी झालेली लहान मुले पाद्र्यांच्या स्वाधीन करून त्यांचा बाप्तिस्मा करायचा होता. चुलता, मामा असला तरी मूल अनाथच ठरे. ज्या घराचे दार आत येताना उघडते आणि बाहेर जाताना बंद असते, त्याला अतिथिगृह म्हणता येत नाही. लेणे घेतले, मूल घेतले, वर आसराही दिला. हा आसरा सत्तेचा होता, आणि सत्तेच्या आसऱ्यात पाहुण्याला नाही म्हणण्याची मुभा नसते.

आणि जात? ती बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली नाही. कोळी ख्रिस्ती कोळीच राहिला, भंडारी भंडारीच. खाडीपलीकडे वसईत सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारी म्हणतात, आणि वाडवळ ख्रिस्ती यांनी आपापली सोयरिकीची वर्तुळे शतकानुशतके राखली. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारे लोक लग्नाच्या मांडवात वेगळे होते. पाद्र्यांना हे दिसत नव्हते असे नाही. त्यांनी ते चालू दिले, कारण गावच्या गाव धर्मात आणायचे तर गावाची उतरंड मोडून चालत नाही.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पाच्या फौजांनी धारावी बेट घेतले, पाठोपाठ वसई पडली. राज्य बदलले, पंगत बदलली नाही. पुढे इंग्रजी अमलात, १८२० च्या सुमारास, ठाणे जिल्ह्यातल्या काही आगरी ख्रिस्ती लोकांना ब्राह्मणांनी शुद्ध करून परत हिंदू करून घेतले. त्यांना नवे मराठे किंवा वरप आगरी म्हणू लागले. 'शुद्ध' आगरी त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. तेव्हा इकडून तिकडे गेला तरी आणि तिकडून इकडे आला तरी गरीब माणसाला उंबरठ्यापर्यंतच प्रवेश मिळाला. शुद्धीची भाषा बोलणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

साष्टी-वसईकडच्या या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव घेतले. नोकरीच्या बाजारात गोवेकर ख्रिस्ती लोकांपासून आपण निराळे आहोत हे सरकारला कळावे, हा हेतू. परक्या कंपनीचे नाव आपल्या कपाळावर लावून घेण्याची पाळी या कोळ्या-कुणब्यांवर आली, यात त्यांचीही एक करुण कहाणी आहे. हा समाज स्वतः नागवलेला होता, हे नजरेआड करू नये. त्यांच्या लग्नात उंबराचे पाणी नावाचा विधी असतो. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी आणतात आणि त्याने वरवधूला न्हाऊ घालतात. साडेचारशे वर्षे मिस्सा ऐकूनही विहिरीचा हा मान टिकला, हे लोकजीवनाचे बळ आहे. पण ते पाणी भाऊबंदांचे, गावठाणाचे पाणी आहे. शोमरोनी बाईच्या विहिरीपर्यंत जायला तिथून आणखी बरीच वाट चालावी लागते.

ही वाट मराठी मुलखात इतरत्र कोण किती चालले ते पाहिले, तर धारावी बेटाचा दोष त्याचा एकट्याचा नव्हता हे कळते. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटे देण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि पुण्यात वादळ उठले. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली, ग्रामण्य झाले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी काशीला आपले प्रायश्चित्त झाल्याचे सांगितले. एवढ्या मोठ्या माणसांचे एवढेसे पेले!

याला शुभवर्तमानाच्या परंपरेतही जोड आहे. अंत्युखियात पेत्र विदेश्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून आपल्याकडची मंडळी आली तसा तो पंगतीतून उठला. पौलाने त्याला सर्वांदेखत खडसावले. रानड्यांना खडसावणारा पौल त्यांच्या सुधारक मंडळीत मोठ्याने बोलला नाही. पण आमचा आक्षेप त्याहून पुढचा आहे. पंचहौदच्या चहाची चर्चा मराठी वाङ्मयात शंभर वर्षे चालू आहे. ती सगळी ब्राह्मणाने पाद्र्याचा चहा प्यावा की नाही, याचीच. महाराच्या घरचा चहा हा वादाचा विषयदेखील होऊ शकला नाही. त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. महाराची घागर त्यांच्या हौदात बुडाली, आणि त्याच हौदाचे पाणी फुले पीत राहिले. त्यासाठी फुल्यांना ख्रिस्ती व्हावे लागले नाही.

मिशनऱ्यांमध्ये या प्रश्नाशी झुंज देणारे मुळीच नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकन बोर्डाच्या मदुरा येथील मिशनने १८४७ मध्ये आपल्या नोकरांना आणि उपदेशकांना प्रीतिभोजनाची कसोटी लावली. परयाने रांधलेले अन्न सर्वांनी एकत्र बसून खायचे. जे बसले नाहीत त्यांना कामावरून दूर केले. याच बोर्डाची मंडळी १८३१ च्या अखेरीपासून आपल्या अहमदनगरात काम करीत होती. तिथे हरिपंत खिस्ती यांच्यासारखे ब्राह्मण ख्रिस्ती झाले आणि पुढे महार-मांगांच्या वस्त्याच्या वस्त्या आल्या. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या शाळांनी आमच्या कित्येक घराण्यांना पहिले अक्षर दिले. हे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांची सोयरीक तिथेही सहसा जुळली नाही. हा दोष पाद्र्यावर ढकलून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

१८७६ ते १९०० या पाव शतकात एकामागून एक दुष्काळ पडले. मिशनच्या दारांशी भुकेली माणसे आली, आणि बरीच ख्रिस्ती झाली. 'भाकरीसाठी बाटले' हा टोमणा तेव्हापासूनचा आहे. टोमणा मारणाऱ्याचे पोट भरलेले असते, हे आधी लक्षात घ्यावे. ज्याला गावाने पेव उघडून दाणा दिला नाही त्याने दाणा देणाऱ्याचा देव पत्करला, तर लाज कोणाला वाटायला हवी? भूक हे धर्मांतराचे हलके कारण आणि मोक्ष हे थोर कारण, ही प्रतवारी भुकेल्याने केलेली नाही. तरी दुष्काळाच्या भाकरीचा एक दोषही सांगावा लागतो. तिच्यात एक जण कायम देणारा आणि दुसरा कायम घेणारा राहिला. मिशनच्या आवारात साहेबाचा बंगला, पलीकडे नेटिव्ह पाद्र्याचे घर आणि कडेला वस्ती, अशी नवी उतरंड रुजली.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तिथे उच्चवर्णीय विधवांच्या सोवळ्याओवळ्याची सोय राखलेली होती. चूल जातीची होती. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलीबायका घेऊन आल्या. केडगावला मुक्तिसदन उभे राहिले, आणि १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. दोन हजार भुकेल्यांना जातवार चुली मांडता येत नाहीत. रमाबाईंची धर्मबुद्धी मोठी होतीच, पण केडगावची एक पंगत घडवण्यात भुकेचाही वाटा होता. अन्न शिजवणाऱ्या, दळणाऱ्या, माग चालवणाऱ्या आणि छापखाना सांभाळणाऱ्या याच आश्रित बाया होत्या. घेणाऱ्या बायकांचे हात तिथे देणाऱ्यांच्या कामाला लागले, म्हणून ते घर इतर अनाथालयांहून वेगळे झाले.

आता दोन स्त्रियांची गोष्ट, एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारखी. लक्ष्मीबाई टिळकांचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई तेव्हा झाल्या नाहीत. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तेव्हाही सोवळे, पाणी, चूल वेगळी राखण्याची त्यांची धडपड चालू राहिली. ते सोवळे कसे थोडे थोडे सुटत गेले हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये स्वतःची थट्टा करीत सांगितले आहे. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे त्यांना कोणा पाद्र्याच्या प्रवचनातून पटले नाही. त्यांच्या स्वतःच्या विचारातून ते पटले. पुढे त्यांचे घर हे एक धर्मशाळाच झाले. बालकवी ठोंबरेही काही काळ त्या घरात राहून गेले.

दुसरी स्त्री बडोद्याची. तिचे नाव इतिहासाला माहीत नाही. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर परदेशचे शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी खाणावळीत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. त्या वेळी दोन मित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आले, एक हिंदू आणि एक भारतीय ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. नवराबायको मूळचे ब्राह्मण. नवऱ्याचे विचार धर्मांतराने मोकळे झाले होते, पण बायको जुन्या वळणाची राहिली होती आणि अस्पृश्याला घरात घेणार नाही, हे बाबासाहेबांना मागाहून कळले. उत्तराचा खरा अर्थ त्यांना तेव्हा उमगला. कामाठी बागेत पाच तास बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात त्यांनी हे लिहून ठेवले आहे.

सगळा दोष त्या बाईच्या माथी मारणे सोयीचे आहे, आणि तो मित्र तेच करीत होता. मोकळ्या विचारांच्या पुरुषाने निर्णय मात्र बायकोच्या स्वयंपाकघरात ढकलावा, हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. चर्चमध्ये एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे ते घर एका रात्रीपुरती खाट देऊ शकले नाही. मराठी ख्रिस्ती इतिहासात रमाबाई आणि टिळक यांच्यावर पाने भरून लिहिले जाते. बडोद्याच्या त्या संध्याकाळचा उल्लेख त्यांच्या शेजारी क्वचितच येतो. माझ्या मते तो आलाच पाहिजे. कारण १९३५ मध्ये येवल्याची घोषणा झाल्यावर ख्रिस्ती धर्मगुरू बाबासाहेबांच्या दारी आमंत्रणे घेऊन आले, तेव्हा ते एका अशा माणसाला बोलावत होते ज्याला ख्रिस्ती उंबरठ्याचा अनुभव आधीच आलेला होता. १९३८ च्या आरंभी सोलापूरच्या ख्रिस्ती लोकांपुढे ते बोलले. ख्रिस्ताविषयीचा आदर त्यांनी लपवला नाही. शिक्षण देणाऱ्या मिशनने धर्मांतरितांना अन्यायाविरुद्ध उभे राहायला शिकवले नाही, ही तक्रारही लपवली नाही. ख्रिस्ती झालेला अस्पृश्य भाकरी खातो, पाठ म्हणतो, पण आपल्या मागे राहिलेल्या भावांसाठी लढायला येत नाही, हे त्यांचे दुःख होते. शेवटी १९५६ मध्ये त्यांनी जो मार्ग घेतला त्यात दाता कोणीच नव्हता. नागपूरला लाखो लोक आपल्या भाकऱ्या आपल्या फडक्यात बांधून आले होते.

सरकारने या सगळ्या इतिहासाचा एका ओळीत निकाल लावला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा हक्क हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेर राहिले. चर्चच्या दारात जात गळून पडते, असे सरकार गृहीत धरते. चर्चला हे गृहीतक खोटे ठरवायचे तर आधी आपल्याकडे जात आहे हे कबूल करावे लागते. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. एका बाजूला आयोग, दुसऱ्या बाजूला मौन, आणि मधे दाखल्यासाठी खेटे घालणारा माणूस.

पुन्हा मीरा-भाईंदर. १९८५ मध्ये इथे नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ लोक होते, २०११ मध्ये ८,०९,३७८. दहा वर्षांत पावणेतीन लाखांहून अधिक माणसांची भर. जुनी ख्रिस्ती गावठाणे आता या गर्दीतली बेटे झाली आहेत. मिठागरांच्या कडेने इमारती आल्या, खाडीच्या चिखलावर झोपड्या आल्या. शहराला पाणी दुरून येते, आणि जिथे नळ पोचत नाही तिथे टँकर. खाडीपलीकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या हरित वसई संरक्षण समितीने गावच्या विहिरी टँकरवाल्यांनी उपसून नेण्याला विरोध केला. तो विरोध बरोबर होता, कारण ते पाणी पाहुण्याला दिले जात नव्हते, विकले जात होते. मात्र विहीर वाचवणारा गावकरी आणि टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी असलेली बाई यांची गाठ त्या आंदोलनाच्या सभेत पडली नाही. दोघांनाही एकाच व्यापाऱ्याने लुटले होते.

उत्तनच्या कोळ्याची स्थितीही अशीच आहे. तो स्वतः समुद्राच्या आणि बाजाराच्या कचाट्यात आहे. शहराचा कचरा त्याच्याच गावच्या डोंगरावर नेऊन टाकला जातो. शहराने त्याला दिलेला हा पाहुणचार! आणि त्याच्या बोटीवर आता खलाशी म्हणून आदिवासी व परप्रांतीय पोरे येतात. बोटीवर एकाच टोपातले कालवण, एकाच पिंपातले पाणी. समुद्रात जे चालते ते बंदराला लागल्यावर घरातल्या मेजापर्यंत येते का? वेलंकनी मातेच्या यात्रेत जेवण वाटले जाते, ते चांगलेच आहे. विचारायचे ते एवढेच की सणाच्या दिवशी गावातल्या घरी खलाशी पाटावर बसतो की ताट घेऊन धक्क्यावर जातो, आणि घरधनी कधी खलाशाच्या खोलीवर जेवायला जातो का.

महामार्गालगत काशीमिऱ्याला एक जुने चर्च आहे. त्याच्या आसपास झोपडपट्टी वाढली. सरकारी कागदात त्या वस्तीचे नावच काशी चर्च आहे. शहरी गरिबांसाठीच्या बीएसयूपी योजनेत काशी चर्च आणि जनतानगर या दोन वस्त्यांना पक्की घरे मंजूर झाली. झोपड्या पाडल्या गेल्या, माणसे संक्रमण शिबिरांत गेली, आणि वर्षामागून वर्षे तिथेच घरांची वाट पाहत राहिली. या वस्तीत ख्रिस्ती नसलेलेच पुष्कळ. बौद्ध, मुसलमान, उत्तरेकडून आलेले मजूर, सगळ्यांच्या अर्जावर, पावतीवर, पत्त्यावर चर्चचे नाव आहे. घंटा ऐकू येण्याच्या अंतरावर त्यांनी संसार केले. त्यांच्यापैकी कोणाच्या घरचा पेलाभर चहा रविवारी मिस्सा आटोपून परतणाऱ्या माणसाने किती वेळा घेतला, याची नोंद कुठल्याच चर्चच्या दप्तरात होत नाही. तिथे बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू नोंदले जातात.